डिजिटल फळा आणि एका वर्गात दोन शिक्षक: सांघिक पाठाच्या अनुभवावरून काही प्रश्न

प्रश्न
छात्राध्यापिका, बी.एड. द्वितीय वर्ष (गणित)

सध्या माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सराव, एका माध्यमिक शाळेत चालू आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी एकूण वीस आठवडे राखले गेले, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. आमच्या आराखड्यात तंत्रज्ञानाधारित पाठ आणि सांघिक अध्यापनाचा (एकाहून अधिक शिक्षकांनी मिळून घेतलेला) पाठ असे दोन स्वतंत्र घटक आहेत; त्यांची टाचणे (पाठाचे लेखी आराखडे) वेगळी, निरीक्षण तक्ते वेगळे आणि गुणही वेगळे. प्रत्यक्ष वर्गात मात्र एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करणे मला अवघड जाऊ लागले आहे. ज्या पाठामुळे हा विचार सुरू झाला तो थोडा सविस्तर सांगते.

इयत्ता दहावीच्या गणित भाग २ मध्ये वर्तुळाच्या प्रकरणात अंतर्लिखित कोनाचे प्रमेय आहे. अंतर्लिखित कोनाचे (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो आणि भुजा वर्तुळाला छेदतात अशा कोनाचे) माप त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे भुजांमध्ये सापडलेल्या, कंसाच्या मापाच्या निम्मे असते, एवढाच त्याचा आशय. माझ्या जोडीदार छात्राध्यापकाने जिओजेब्रा या गणिताच्या संगणकीय साधनात वर्तुळ काढले, त्यावर ए आणि बी हे दोन बिंदू असे घेतले की त्यांमधला लघुकंस १०० अंशांचा व्हावा, आणि तिसरा बिंदू पी विशालकंसावरून फिरवायला सुरुवात केली. पी कुठेही नेला तरी पडद्यावर ५० अंश हेच माप कायम राहिले, तेव्हा वर्ग खूश झाला. आमच्या ठरावाप्रमाणे संगणक त्याच्याकडे होता आणि मी मधल्या रांगेत, शेवटून दुसऱ्या बाकावर बसले होते. फिरता फिरता पी बिंदू बी ओलांडून लघुकंसावर आला आणि पडद्यावरचा आकडा एकदम २३० झाला. संगणकाजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाची नजर तेव्हा माउसवर आणि टाचणातल्या पुढच्या पायरीवर होती. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत आधीच्या ५० च्या खाली शांतपणे २३० लिहिले, तिच्या पुढच्या बाकावरील दोघांनीही तेच केले, आणि एकानेही हात वर केला नाही.

मी तिथूनच विचारले, "हा कोन हातात धरून मोजला तर २३० भरेल का?" मग सर्वांनी वहीत वर्तुळ काढले, पी लघुकंसावर घेतला, कंपास पेटीतून कोनमापक बाहेर आले. बहुतेकांना १३० च्या आसपास माप मिळाले. एका मुलाने १३० आणि २३० मिळून ३६० होतात हे सांगितले, दुसरीने हा कोन आता मोठा, म्हणजे २६० अंशांचा कंस अंतर्खंडित करतो आणि त्याचे निम्मे १३० च येते हे दाखवले, आणि ५० व १३० यांची बेरीज १८० होते हे कोणीतरी पुटपुटल्यामुळे चक्रीय चौकोनाचे (ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतात त्याचे) संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे प्रमेय आमच्या नियोजनाच्या दोन तासिका आधीच वर्गात येऊन बसले.

या पाठावर मी बराच विचार केला. पडद्यासमोरचा शिक्षक निष्काळजी नव्हता. साधन चालवणे, पुढची पायरी लक्षात ठेवणे आणि बोलणे या तिन्ही गोष्टी एकदम करताना मुलांच्या वह्यांकडे पाहायला त्याला डोळेच उरले नव्हते. खडू-फळ्याच्या पाठात शिक्षक लिहून झाल्यावर वळतो आणि वर्ग पाहतो. डिजिटल फळ्यावर चित्र स्वतःच हलत राहते, त्यामुळे वळण्याची ती जागाच नाहीशी होते. शिवाय छापील आकड्याइतकाच, किंबहुना जास्तच, विश्वास मुले पडद्यावरच्या आकड्यावर ठेवतात. त्यामुळे ज्या वर्गात साधन अधिक प्रभावी, त्या वर्गात दुसऱ्या शिक्षकाची गरजही अधिक, असे माझे मत बनत चालले आहे.

निरीक्षण तक्त्यात मात्र हा पाठ तंत्रज्ञानाधारित म्हणून नोंदला गेला, सर्व गुण संगणक चालवणाऱ्याच्या नावावर पडले आणि बाकावर बसून पाहण्याच्या कामासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. गुणांची मला फारशी फिकीर नाही. पण ज्याला रकाना नाही ते काम पुढच्या तुकडीतील छात्राध्यापक कशासाठी करतील, हा प्रश्न मनातून जात नाही.

तेव्हा अनुभवी मंडळींना माझे विचारणे असे की, नेहमीच्या शाळेत एका तासिकेला एकच शिक्षक असतो हे वास्तव धरून, दुसऱ्या डोळ्यांची ही सोय आपण कशी करता? आणि दोन शिक्षक खरोखर उपलब्ध असतील तेव्हा त्यांच्यात कामाची वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी?

---

उत्तर १
गणित शिक्षक, माध्यमिक शाळा, रत्नागिरी जिल्हा

आधी २३० चे कारण सांगतो, कारण ते कळले तर पुढची चर्चा सोपी होईल. जिओजेब्रा कोन एका भुजेपासून दुसऱ्या भुजेपर्यंत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते आणि मूळ मांडणीत ० ते ३६० यांतले कोणतेही माप दाखवते. पी बिंदू जीवेच्या दुसऱ्या बाजूला गेला की भुजांची क्रमदिशा उलटते, म्हणून १३० ऐवजी प्रविशाल, म्हणजे १८० अंशांहून मोठा, कोन दिसतो. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मर्यादा ० ते १८० केली की अडचण संपते. पण ती संपवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास हे साधन तयार केले ते मुलांनी बिंदू ओढून स्वतः अंदाज बांधावेत आणि तपासावेत यासाठी. जो आकडा खटकतो तोच विचार करायला लावतो. मी तर हल्ली मुद्दाम मर्यादा बदलत नाही आणि पी लघुकंसावर नेण्यापूर्वी वर्गाला अंदाज वहीत लिहायला लावतो.

आता आपला पहिला प्रश्न. आमच्या शाळेत गणिताचे शिक्षक दोन, दहावीच्या तुकड्या दोन, आणि वेळापत्रकात दोघांच्या मोकळ्या तासिका कधीच एकत्र येत नाहीत. तरीही आम्ही एक पद्धत रुळवली आहे. प्रकरण सुरू होण्यापूर्वी शनिवारी शाळा सुटल्यावर दोघे मिळून एकच टाचण करतो. तो पाठ मी आधी 'अ' तुकडीत घेतो आणि मुले कुठे अडली याच्या चार ओळी टाचणाच्या समासात लिहितो. माझे सहकारी त्याच समासासह दोन दिवसांनी 'ब' तुकडीत जातात. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एकजण घेतो, बाकीचे पाहतात आणि मग तो सुधारतात, ही परंपरा फार जुनी आहे. आमच्याकडे पाहणारा मिळत नाही म्हणून समासावर भागवतो. प्रत्यक्ष वर्गात दुसरे डोळे नाहीत ही उणीव त्याने पूर्ण भरून निघते असे मी म्हणणार नाही.

वर्गातली उणीव भरण्याचा माझा उपाय निराळा आहे. माउस मुलांच्या हाती द्यावा. दर तासिकेला एक विद्यार्थी संगणकाजवळ बसतो, मी सांगेन ते तो करतो, आणि मी बाकांमधून फिरतो. माउस हाती असलेले मूल पडद्यावर गोंधळले की साऱ्या वर्गाला ते दिसते, आणि गंमत म्हणजे शिक्षकाच्या पडद्यावरचा आकडा निमूट उतरवून घेणारी मुले मित्राच्या हातून आलेल्या आकड्यावर मात्र लगेच हरकत घेतात. अर्थात यासाठी पाठाची गती कमी करावी लागते आणि बोर्डाच्या वर्षात ते परवडतेच असे नाही. आणखी एक, आमच्याकडे पावसाळ्यात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे कागदावरची कृती तयार नसलेला डिजिटल पाठ मी घेतच नाही. आपल्या वर्गात कोनमापक बाहेर आले, ही त्या पाठातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

---

उत्तर २
निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा

ताई, आपला अनुभव माध्यमिकचा आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत हा प्रश्न अगदी उलट्या रूपात उभा राहतो, म्हणून लिहितो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे डोंगराळ भागातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, असे चार वर्ग दोन खोल्यांत बसतात. दोन शिक्षक आहेत, पण एका वर्गाला दोन कधीच नसतात. एका शिक्षकाला दोन वर्ग असतात. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१७ मध्ये दीक्षा हे शासनाचे डिजिटल शिक्षण व्यासपीठ सुरू झाले. या साऱ्याचा उपयोग पाहत मी शाळा फिरलो. काही ठिकाणी टीव्हीवर भरतकामाचा रुमाल, रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि वीजबिल थकल्यामुळे जोडणीच तोडलेली, असे चित्र होते. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वांनी पाहिले आहे.

मात्र जिथे साधन खरोखर चालले, तिथे ते दुसऱ्या शिक्षकाच्या जागी चालले. एका शाळेतील बाई चौथीला भागाकार शिकवत आणि त्याच वेळी तिसरीची मुले टीव्हीसमोर कवितेची चाल ऐकत. नियम असा की चित्रफीत एकदा पूर्ण ऐकायची, दुसऱ्यांदा थांबवत ऐकायची आणि मग गटातल्या एकाने कडवे म्हणायचे व इतरांनी चुका सांगायच्या. दहा-बारा मिनिटे ती मुले स्वतःच्या बळावर काम करत. पडदा शिक्षकाची नजर वर्गावरून खेचून घेतो असे आपण लिहिले. इथे पडद्यामुळेच शिक्षिकेची नजर चौथीसाठी मोकळी झाली होती. फरक इतकाच की तो शिक्षिका चालवत नव्हती, मुलेच चालवत होती. वरील सरांनी माउस मुलांच्या हाती देण्याचा मुद्दा मांडला आहे, तो मला म्हणूनच पटतो.

या व्यवस्थेला मर्यादाही आहे, आणि ती आपल्या २३० मध्येच दडलेली आहे. तिसरीतल्या मुलांनी टीव्हीवरून काही चुकीचे उचलले तर ते पकडणारे तिथे कोणी नसते. म्हणून अशा वेळी पडद्यावर नवा आशय देऊ नये. कविता, वाचन, सराव अशाच गोष्टी द्याव्यात, असे मी केंद्रातील शिक्षकांना सांगत असे. काही तरुण शिक्षकांना हे जुनाट वाटे.

सहकार्याची खरी जागा म्हणून मी केंद्राच्या शिक्षण परिषदेकडे पाहत होतो. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात तेव्हा परिपत्रके वाचून दाखवण्यात दिवस घालवायचा, की यजमान शाळेतील प्रत्यक्ष वर्गावर एक पाठ सर्वांनी मिळून पाहायचा, हे ठरवणे केंद्रप्रमुखाच्या हाती असते. पाठ पाहताना प्रत्येकाने एकच मूल निवडावे आणि शिक्षकाकडे न बघता त्या मुलाकडेच बघावे, अशी आमची अट होती. चर्चेत "पाठ छान झाला" हे वाक्य म्हणायला बंदी होती. पहिल्या काही बैठकांत त्यामुळे शांतता पसरे; पुढे मंडळी मोकळेपणाने बोलू लागली.

---

उत्तर ३
प्राध्यापिका, अध्यापक महाविद्यालय

निरीक्षण तक्त्याविषयीची आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे मूळ आमच्या व्यवसायाच्या घडणीत आहे. सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. अध्यापनाचे सुटे सुटे कौशल्य एका छात्राध्यापकाने काही मिनिटांत करून दाखवायचे आणि निरीक्षकाने त्याची मोजदाद करायची, हा तिचा गाभा. आपल्याकडे ती इतकी रुजली की सज्जता प्रवर्तन (पाठासाठी वर्गाची मनोभूमिका तयार करणे), प्रश्न कौशल्य, फळालेखन ही नावे सरावाने प्रत्येकाला पाठ झाली. तिचा फायदा झालाच, मी स्वतः त्याच पद्धतीत घडले. पण जे एकट्याने करून दाखवता येते तेच मोजायचे ही सवयही तिने लावली. सांघिक अध्यापनाचा जन्म साधारण त्याच काळातला, १९५७ मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथील फ्रँकलिन शाळेतल्या प्रयोगातून त्याला चालना मिळाली. मूल्यमापनाच्या बाबतीत मात्र आपण ते सूक्ष्म अध्यापनाच्या साच्यात कोंबले. परिणामी आज महाविद्यालयांत सांघिक पाठ म्हणजे तीन छात्राध्यापकांनी एका घटकाचे तीन तुकडे करून पाळीपाळीने बोलणे, आणि आपली पाळी नसताना दाराजवळ उभे राहणे. याला संघ कसे म्हणावे?

वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी, या प्रश्नावर माझे उत्तर असे: कोण काय बोलणार यावरून वाटणी करू नये, कोण काय पाहणार यावरून करावी. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात. साधन चालवणाऱ्या शिक्षकाला हे तीन सेकंद फार मोठे वाटतात, कारण पडद्यावर पुढचे चित्र तयार असते. पाहणाऱ्या शिक्षकाचे पहिले काम हा थांबा राखणे हेच असावे. आपण बाकावरून विचारलेला प्रश्न म्हणजे असा थांबाच होता.

आपल्या एका विधानाशी मात्र मी सहमत नाही. साधन जितके प्रभावी तितकी दुसऱ्या शिक्षकाची गरज अधिक, हे नेहमीच खरे नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून एकट्यानेच मोठमोठे वर्ग ज्या रीतीने घेत आले, तिच्यात प्रत्येक विद्यार्थी आधी स्वतःचे उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा उत्तर नोंदवतो. वर्गावरची नजर तिथे विद्यार्थ्यांच्या नोंदींतून मिळते, आणि त्यासाठी यंत्रही आवश्यक नाही; अ, ब, क, ड अशी पुठ्ठ्याची कार्डे पुरतात. आपल्या वर्गातल्या साऱ्यांनी एकाच वेळी कार्ड वर केले असते, तर २३० मान्य करणारे किती हे संगणकाजवळूनही दिसले असते. त्यांतला प्रत्येकजण असे का मानतो हे मात्र जवळ बसल्याशिवाय कळत नाही, आणि तिथे आपले म्हणणे मला मान्य करावे लागते.

तक्त्याबाबत एक व्यवहार्य गोष्ट सुचवते. विद्यापीठाचा तक्ता बदलेपर्यंत थांबू नका. पाहणाऱ्या छात्राध्यापकाने आपल्या नोंदींचे एक पान टाचणाला जोडावे आणि पाठानंतरच्या चर्चेत निरीक्षकांसमोर आधी ते पान वाचावे. मी माझ्या गटात हे सुरू केले आहे. गुण अजून जुन्याच रकान्यांत भरावे लागतात, पण चर्चेचा विषय बदलतो.

---

उत्तर ४
विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

थोडक्यात लिहिते. एका वर्गात दोन शिक्षक ही गोष्ट आमच्या क्षेत्रात नवी नाही. दिव्यांग मुले नेहमीच्या वर्गात बसू लागली तेव्हा विषय शिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून कसे शिकवावे, याचे प्रकार लिन कुक आणि मॅरिलिन फ्रेंड यांनी १९९५ मध्ये मांडले: एकाने शिकवणे व दुसऱ्याने मदत करणे, वर्गाचे दोन भाग करून दोघांनी एकच आशय समांतर शिकवणे, निरनिराळ्या कोपऱ्यांत कृती मांडून मुलांना फिरवणे, आणि दोघांनी खरोखर एकत्र शिकवणे. आपल्या डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हे प्रकार समावेशित शिक्षणाच्या पेपरात भेटतात आणि सांघिक अध्यापनाच्या पाठात विसरले जातात.

डिजिटल फळ्यासमोरची एक नेहमीची गोष्ट सांगते. शिक्षक पडद्याकडे बोट करून "हा बिंदू इथून तिथे गेला, आता हे बघा" असे बोलतात. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला त्या वाक्यातून काहीही मिळत नाही, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर चांगली नजर असलेल्या निम्म्या वर्गालाही मिळत नाही. अशा वेळी मी शेजारी बसून "पी बिंदू बी ओलांडून छोट्या कंसावर आला, कोन मोठा झाला" असे हळू आवाजात सांगते. काही दिवसांनी आसपासच्या बाकांवरची मुले कान देऊन माझेच ऐकू लागतात, आणि मग विषय शिक्षकही तसे बोलू लागतात. त्यांना मी कधी सुचवले नव्हते. दोन शिक्षक एकत्र काम करतात त्याचा लाभ असा आडवाटेने होतो. टाचणात तो आधी लिहिता येत नाही.

---

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मॅडमनी सुचवलेली पुठ्ठ्याची कार्डे आणि केंद्रप्रमुख सरांची एकच मूल पाहण्याची अट, या दोन्ही गोष्टी पुढच्या पाठात एकत्र आणाव्यात असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. माउस मुलांकडे देण्याबाबत माझा जोडीदार साशंक आहे. तंत्रज्ञानाधारित पाठात साधन विद्यार्थ्याने हाताळले तर निरीक्षक ते आमचे कौशल्य मानतील का, अशी त्याची शंका आहे आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पुढचा पाठ स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाचा आहे. रत्नागिरीच्या सरांना एक विचारायचे होते: या प्रमेयात कागदावरची कृती आधी घ्यावी की पडद्यावरची?

---

गणित शिक्षक, माध्यमिक शाळा, रत्नागिरी जिल्हा

कागदावरची आधी. प्रत्येक मुलाने वर्तुळ काढून एका बिंदूत स्पर्शिका आणि त्याच बिंदूतून आपल्या मर्जीने एक छेदिका काढावी, कोन मोजावा, अंतर्खंडित कंसाचे माप काढावे आणि दोन्ही आकडे साध्या फळ्यावरच्या तक्त्यात येऊन लिहावेत. निरनिराळ्या वह्यांतले निरनिराळे आकडे समोर आले की निम्मे हे नाते मुलेच सांगतात, आणि मोजमापातल्या एक-दोन अंशांच्या फरकावरून वादही होतो. तो वाद पुरेसा तापल्यावर पडदा लावावा, छेदिका फिरवत स्पर्शिकेच्या अगदी जवळ न्यावी आणि आता आकडा काय येईल हे विचारून कार्डे वर करायला सांगावीत. माउस कोणाकडे द्यायचा ते तुमच्या निरीक्षकांना पाठाच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. टाचणात "साधन विद्यार्थ्यांकडून हाताळून घेणे" अशी पायरी लिहिलेली असली की सहसा कोणी हरकत घेत नाही.